तीनशे दिवस बंद राहणारं घर

मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या नेणारी रो-रो बोट सुरू झाली, १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटन झालं, आणि मुंबईकराला अलिबाग तालुका आणखी जवळचा वाटू लागला. आंब्याफणसाच्या वाड्यांमध्ये गुंठ्यांवर प्लॉट पडले आणि त्यांवर उभ्या राहणाऱ्या घरांचा एक ठरावीक चेहरा तयार झाला: पांढरा चौकोनी ठोकळा, सपाट गच्ची, जमिनीपासून छतापर्यंत काच आणि समोर निळा तरणतलाव. जाहिरातीत याला ‘मिनिमलिस्ट’ म्हणतात. कमीत कमी गोष्टींत घर भागवावं हा विचार चांगलाच आहे, आणि सुट्टीच्या घराला तर तो फारच शोभतो. पण या ठोकळ्यांत नेमकं काय कमी केलंय हे पाहायला गेलं तर उत्तर चमत्कारिक मिळतं. चार बेडरूम असतात, पाच बाथरूम असतात, प्रत्येक खोलीत एसी असतो. कमी केलेली असते ती वळचण, पडवी आणि छपराचा उतार. कोकणातल्या घराला ज्यांच्यावाचून चालत नाही, नेमक्या त्याच गोष्टी वजा झालेल्या असतात.

सुट्टीच्या घराचा आराखडा करताना पहिला हिशेब दिवसांचा मांडायला हवा. महिन्यातून दोन शनिवार-रविवार धरले तर वर्षाचे अठ्ठेचाळीस दिवस होतात. त्यात गणपती किंवा शिमगा आणि मे महिन्यातली आठवडाभराची सुट्टी मिळवली तरी आकडा साठ-पासष्टच्या पुढे सरकत नाही. शिवाय महिन्यातून दोनदा जाण्याचा उत्साह पहिल्या वर्षानंतर किती टिकतो, हे असं घर असलेल्या कुणालाही विचारावं. बाकीचे तीनशे दिवस घराला कुलूप असतं, आणि पावसाळ्याचे चार महिने बहुतेक त्या तीनशे दिवसांतच येतात. म्हणून सुट्टीचं घर हे मुख्यतः बंद घर असतं, आणि त्याची रचना बंद दिवसांवरून ठरायला हवी, असं माझं म्हणणं आहे. आराखडा करणारा मात्र सहसा उरलेल्या साठ दिवसांचं चित्र डोळ्यांसमोर ठेवतो, तेही डिसेंबरातल्या स्वच्छ सकाळचं.

बंद घरात जुलै महिन्यात काय घडतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ऐंशी टक्क्यांच्या वर असते. हवा खेळत नसेल तर गाद्या, चामडं, पुस्तकं आणि कपाटांच्या आतल्या बाजू यांवर बुरशीचा पांढरा थर धरतो. प्लायवूड फुगतं, स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्यांची चाकं गंजतात, पीओपीच्या खोट्या छतावर पिवळे डाग उमटतात. वाळवीला तर माणसांचा वावर नसलेलं घर म्हणजे पर्वणीच. आणखी एक बारीक गोष्ट आराखडा काढताना सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. न्हाणीघरातल्या जाळीखाली वाकड्या पाइपात थोडं पाणी कायम साठून राहतं आणि तेच मैलापाण्याच्या टाकीचा वास अडवतं. कोरड्या महिन्यांत घर तीन-चार आठवडे बंद राहिलं की ते पाणी उडून जातं, आणि वासाच्या पाठोपाठ झुरळंही वर येतात. पाच बाथरूम म्हणजे अशा पाच वाटा. आता यावर ‘केअरटेकर असतो की’ असं उत्तर ठरलेलं असतं. असतो खरा, पण तो गावातलाच माणूस. जुलैत त्याच्या शेतात लावणी चाललेली असते. आठ दिवसांतून एकदा येऊन तो दोन खिडक्या उघडेल, वीस उघडणार नाही. मग घराला दोन मोठी दारं उघडली की सगळी हवा बदलेल अशी रचना करणं जास्त शहाणपणाचं.

कमी काय करायचं याचं उत्तर इथून आपोआप मिळतं. जे जे बंद घरात कुजतं, गंजतं, फुगतं किंवा सुकतं ते कमी करायचं: बंद खोल्या, संडास-बाथरूमची संख्या, खोटं छत, भिंतीला चिकटवलेली कपाटं, प्लायवूड. आणि जे घराला माणूस नसताना सांभाळतं ते वाढवायचं. त्यात पहिला मान वळचणीचा. कोकणात वारा आणि पाऊस पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतात, आणि झड भिंतीवर तिरकी आपटते. ती पंचेचाळीस अंशांत आली असं धरलं तर तीन फुटी वळचण भिंतीचे वरचे तीन फूट कोरडे ठेवते. खालची भिंत भिजतच राहते. आठ फुटी पडवी मात्र भिंत तळापर्यंत वाचवते. उन्हाचं गणितही असंच आहे. अलिबाग साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर येतं. २१ डिसेंबरच्या भर मध्यान्हीही दक्षिणेकडचा सूर्य ४८ अंशांच्या आसपास वर असतो, त्यामुळे त्या बाजूला तीन फुटी वळचण पुरते. पश्चिमेचं ऊन मात्र असं आटोक्यात येत नाही. एप्रिलात दुपार कलल्यावर सूर्य तीस अंशांवर उतरला की तीच तीन फुटी वळचण भिंतीवर जेमतेम पावणेदोन फूट सावली पाडते, तर आठ फुटी पडवी साडेचार फूट. एकच पडवी पावसाला आणि उन्हाला अशी दोघांनाही थोपवते, तेही विजेचा एक युनिट न जाळता. वळचण कापून टाकणाऱ्याला मग तीच कामं वॉटरप्रूफिंगचा ठेकेदार आणि एसी यांच्याकडून करून घ्यावी लागतात.

यावर पहिला आक्षेप समुद्राचा. कोकणात समुद्र पश्चिमेला, सूर्यास्त पश्चिमेला, आणि माणूस एवढा खर्च करतो तो तेच बघायला. मग पश्चिमेला काच नको तर कुठे? आक्षेप रास्त आहे, पण साध्या काचेतून उन्हाच्या उष्णतेचा चार पंचमांशांहून अधिक भाग सरळ आत येतो. त्यामुळे ज्या वेळी समुद्र बघायचा त्याच वेळी पडदे ओढून एसी लावून बसायची पाळी येते. पश्चिमेची पडवी हीच समुद्र बघायची खोली केली, तिच्यात बसायचे कट्टे बांधले आणि मागे काचेऐवजी पूर्ण उघडणारी लाकडी दारं ठेवली, तर देखावाही मिळतो आणि वाराही. पावसाळ्यापूर्वी गावातली घरं नारळीच्या झापांचे किंवा ताडपत्रीचे आडोसे पडवीला बांधतात. त्याच कामासाठी आज सरकती लाकडी पट्ट्यांची तावदानं करता येतात.

काचेच्या घराची वकिली करणारे ज्या घराकडे बोट दाखवतात ते अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात प्लेनो इथे, फॉक्स नदीच्या काठी आहे. मीस व्हान डेर रोह या वास्तुकाराने डॉ. एडिथ फार्न्सवर्थ या शिकागोच्या डॉक्टरबाईंसाठी सुट्टी घालवायला बांधलेलं हे घर १९५१ मध्ये पुरं झालं. पांढऱ्या पोलादी खांबांवर जमिनीपासून सुमारे १.६ मीटर उचललेली फरशी, वर तसंच सपाट छप्पर, चारही बाजूंना काच, आत एकच खोली. विसाव्या शतकातल्या सर्वांत देखण्या घरांत त्याची गणना होते आणि ती योग्यच आहे. पण घर म्हणून त्याचा इतिहास वेगळं सांगतो. खर्चावरून मालकीण आणि वास्तुकार कोर्टात गेले. उन्हाळ्यात आत उकडायचं, हिवाळ्यात काचांवरून पाण्याचे ओघळ यायचे. कीटकांना कंटाळून डॉक्टरबाईंनी ओट्याला जाळ्या बसवून घेतल्या. १९७२ मध्ये घर विकत घेणाऱ्या इंग्रज कलासंग्राहकाने त्या काढून टाकल्या आणि वातानुकूलन बसवलं. जी त्यात राहिली तिला जाळी लागली, ज्याने ते संग्रहात घेतलं त्याला ती खुपली. नदीनेही दया दाखवली नाही. पुरं झाल्यावर तीनच वर्षांत, १९५४ साली, पाणी त्या उचललेल्या फरशीच्याही वर चढलं, १९९६ च्या पुरात काचा फुटून ते आत घुसलं आणि २००८ मध्ये पुन्हा शिरलं. आज ते वस्तुसंग्रहालय म्हणून जपलं जातं, आणि ते त्याला शोभूनही दिसतं.

ऑस्ट्रेलियाचे ग्लेन मर्कट मात्र वजाबाकी जागेवरून ठरवतात. २००२ चं प्रिट्झकर पारितोषिक मिळालेल्या या वास्तुकाराने न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यावर बिंगी इथे १९८४ मध्ये पुरं केलेलं मॅग्नी कुटुंबाचं घर लांब, अरुंद आणि पत्र्याच्या छपराचं आहे. थंड वारे दक्षिणेकडून येतात म्हणून त्या बाजूला विटांची भिंत. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेला असतो म्हणून त्या बाजूला काच, आणि तिच्यावर बाहेरून पाडता येणारे पडदे. छप्पर दोन्ही कडांना वर आणि मधे खाली, पसरलेल्या पंखांसारखं, कारण तिथे पाऊस जपून वापरावा लागतो आणि मधल्या पन्हळीतून तो टाक्यांत साठवायचा असतो. या घरातून त्यांची विचारपद्धती उचलावी. आकार उचलला की फसगत ठरलेली. साठ चौरस मीटरच्या छपरावर दोन हजार मिलिमीटर पाऊस पडला तर एक लाख वीस हजार लिटर पाणी जमतं. अलिबागला सरासरी पाऊस साधारण एवढा पडतो आणि रत्नागिरीला तो बराच जास्त. एवढं पाणी चार महिन्यांत घराच्या बरोबर मधून न्यायचं, त्या पन्हळीत आंब्याफणसाचा पाला पडणार आणि तो काढायला घरात कुणी नसणार. पन्हळ तुंबली की पाण्याला उतरायला घराच्या आतलीच वाट उरते.

सपाट गच्चीची अडचण याच जातीची आहे. पाणी जायची भोकं पाल्याने बुजली आणि गच्चीत चार इंच पाणी साठलं तर दर चौरस मीटरवर शंभर किलो भार येतो. साठ चौरस मीटरला सहा टन. स्लॅब तेवढ्याने पडत नाही, पण पाणी महिनाभर उभं राहिलं की केसाएवढी चीरही शोधून काढतं. या बाबतीत कोकणाचा अनुभव कुठल्याही पुस्तकापेक्षा स्पष्ट आहे: रस्त्याने जाताना दिसणाऱ्या किती स्लॅबच्या घरांवर पुढे पत्र्याची शेड चढली ते पाहावं. लोकांनी आधी सपाट छप्पर बांधलं आणि मग त्यावर उतरतं छप्पर बांधलं. दोन छपरांचा खर्च करून शेवटी जिथे यायचं तिथे थेट का येऊ नये?

‘कौलांचं कौतुक शहरात बसून करणं सोपं आहे’ हा यावरचा आक्षेप मात्र मी पूर्ण मान्य करतो. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ च्या सुमारास कारखाना काढला आणि तिथली कौलं पश्चिम किनारपट्टीभर पसरली, कारण ती खरोखर चांगली आहेत. पण दरवर्षी मे महिन्यात कौलं परतावी लागतात, फुटलेली बदलावी लागतात, आणि ते काम जाणणारी माणसं आता मिळत नाहीत. त्यातून वानरं. त्यांची टोळी एकदा छपरावर नाचून गेली की पाचपन्नास कौलं गेलीच. वर्षातले तीनशे दिवस रिकाम्या असलेल्या घराला हे परवडत नाही. तेव्हा वानरांचा उपद्रव असेल तिथे रंगीत पत्रा वापरण्यात कमीपणा मानू नये. मात्र त्याखाली वारा खेळेल अशी वीतभर पोकळी सोडून लाकडी फळ्यांचं किंवा बांबूच्या चटयांचं अस्तर द्यावं. त्याने उकाडाही कमी होतो आणि पावसाचा आवाजही. उतरता स्लॅब ओतून त्यावर शोभेपुरती कौलं चिकटवायची हल्ली फॅशन आहे. तिच्यात स्लॅबचा खर्च, कौलांची देखभाल आणि अडकून राहणारी ओल हे तिन्ही एकत्र मिळतं.

चक्रीवादळाचा मुद्दा याहून गंभीर आहे. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता, आणि पत्रे, कौलं दोन्ही उडाली. बाहेर आलेली वळचण वाऱ्याला उचलायला सापडते, हे शास्त्रीयदृष्ट्या खरं आहे. उपाय माहीत असलेलाच आहे, फक्त तो आराखड्यात काढावा लागतो. वासे नुसते भिंतीवर न टेकवता लोखंडी पट्ट्यांनी भिंतीतल्या पट्टीला बांधायचे, ती पट्टी बोल्टांनी खालच्या बांधकामाला जखडायची, आणि पडवीचं छप्पर मुख्य छपराचंच पुढे काढलेलं टोक न ठेवता त्याखाली वेगळं घ्यायचं. वाऱ्याने पडवी नेलीच तरी घराचं आढं जागेवर राहतं. या लोखंडाचा खर्च एका बाथरूमच्या टाइल्सपेक्षा कमी येईल.

हे सगळं म्हणजे आजोळच्या घराची आठवण काढून गळा काढणं नव्हे का, असंही कुणी म्हणेल. जुनं घर जसंच्या तसं बांधायला मीही सांगणार नाही. ते धान्य साठवणाऱ्या, बाळंतपणं घरात करणाऱ्या, वीस माणसांच्या शेतकरी कुटुंबाचं घर होतं. त्याचं माजघर अंधारं होतं आणि त्या अंधारात बायकांचा जन्म जायचा. आज ना वळईची गरज आहे ना माजघराची. पण पडवी, उंच जोतं आणि घरापासून बाजूला काढलेलं न्हाणीघर या गोष्टी कुटुंबाच्या रीतीतून आलेल्या नव्हत्या, पावसातून आल्या होत्या, आणि पाऊस तोच आहे. आधुनिक भाषेतही हे सांगता येतं याचा पुरावा अलिबागजवळ नांदगावलाच आहे. स्टुडिओ मुंबईच्या बिजॉय जैन यांनी २००७ मध्ये तिथल्या नारळांच्या बागेत बांधलेलं ‘पामायरा हाऊस’ म्हणजे लाकडी सांगाड्याचे दोन लांबट भाग, आणि त्यांच्या दर्शनी भिंती ताडाच्या खोडापासून केलेल्या आडव्या पट्ट्यांच्या. वारा आणि गाळलेला उजेड आत येतो, नजर सहज आत जात नाही. तिथल्या विहिरींचं पाणी उंच टाकीत चढवून उताराने घराला दिलं जातं. आगा खान वास्तुपुरस्काराच्या २०१० च्या अंतिम यादीत हे घर होतं. ते लहान नाही, स्वस्त नाही, आणि तरणतलावही त्याला आहे. काटकसरीचा नमुना म्हणून कुणी ते पुढे करू नये. पण त्यातली पट्ट्यांची भिंत दोन खोल्यांच्या घरालाही लावता येते, आणि बंद घराला श्वास घेऊ देणारी याहून सोपी युक्ती नाही.

राहिला पाहुण्यांचा प्रश्न. ‘सुट्टीला दहाजण एकदम येतात, एका खोलीत कुठे घालणार?’ ल कॉर्बुझिएने १९५२ मध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर रोकब्रून-काप-मार्तां इथे स्वतःसाठी जी सुट्टीची खोली बांधली ती ३.६६ मीटर लांब आणि तेवढीच रुंद, बारा बाय बारा फुटांची होती. चंदीगडची आखणी करणारा माणूस १९६५ मध्ये मृत्यू येईपर्यंत उन्हाळ्यात तिथे राहत होता, आणि २०१६ पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिला स्वयंपाकघर नव्हतं, कारण भिंतीला लागूनच ओळखीच्यांची खानावळ होती. असा शेजार प्रत्येकाला कुठून मिळणार, हे खरं. पण कोकणातल्या किती गावांत सांगितलं की सोलकढीसकट घरगुती जेवण मिळतं! स्वयंपाकाला एक ओटा आणि दोन शेगड्या पुरतात. दहाजण वर्षातून दोनदा येतात, त्यांना पडवीत मच्छरदाण्या लावून आणि माळ्यावर गाद्या टाकून झोपवता येतं. उरलेले दिवस त्यांच्या नावाच्या बेडरूम फक्त बुरशी पोसतात. ज्यांना घर भाड्याने देऊन पैसे मिळवायचे आहेत त्यांचं गणित निराळं. त्यांचं घर वर्षभर वापरात राहतं, त्यामुळे माझा मुद्दा त्यांना लागू नाही.

खर्चाबद्दल गैरसमज मात्र नको. साधं दिसणारं घर स्वस्त पडतंच असं नाही. जांभ्याची उघडी भिंत ठेवायची तर चिरे निवडून घ्यावे लागतात आणि सांधे नीट भरावे लागतात. गिलाव्याखाली जे झाकलं जातं ते इथे डोळ्यांसमोर राहतं. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागली की टणक होतो, पण तो सच्छिद्र आहे. पश्चिमेला वळचणीशिवाय उघडा ठेवला तर दोन पावसाळ्यांत शेवाळाने काळा पडेल. दर चौरस फुटाचा भाव म्हणूनच थोडा जास्त येईल. बचत होते ती चौरस फूट कमी केल्याने, आणि पुढे दरवर्षी न होणाऱ्या दुरुस्त्यांमुळे.

तेव्हा माझ्या मते कोकणातलं छोटं, आजच्या काळाचं सुट्टीचं घर साधारण असं असावं: दोन फूट उंच जोत्यावर जांभ्याची एक मोठी खोली, वर माळा, पश्चिमेला आठ फुटी पडवी, पूर्वेला उघडणारं समोरासमोर दार, आणि चार पावलांवर वेगळ्या छपराखाली एक संडास व एक न्हाणीघर, म्हणजे त्यांची ओल घरात येणार नाही. मौल्यवान सामान नाही, त्यामुळे चोराला न्यायलाही काही नाही. बिनशेती परवाना आणि किनारा नियमन क्षेत्राची (सीआरझेड) रेषा वकिलाकडून तपासून घ्यावी. त्याआधी एक काम मात्र स्वतः करावं. दलाल जागा दाखवायला हिवाळ्यात नेतो. त्याला सांगून जुलैत जा, छत्री घेऊन तासभर त्या जमिनीवर उभे राहा, पाणी कुठून येतं, कुठे साठतं आणि झड कुठल्या बाजूने मारते ते वहीत टिपून घ्या, आणि ती वही वास्तुकाराला पहिल्या भेटीतच द्या.